मैलाचा दगड: जागेवरच ठेवावा की संग्रहालयात न्यावा?

पाऊलखुणा · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. विषय जरा वेगळा आहे, पण मला इथल्या लोकांचीच मतं हवी आहेत.

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षं आम्ही उत्तर वेल्समध्ये राहतो, बेट्स-इ-कोइडच्या जवळ. घरातून खाली उतरलं की दहा मिनिटांत मोठा रस्ता लागतो. आज त्याला ए-५ म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी हा लंडनहून होलीहेड बंदराला जाणारा टपालरस्ता होता. १८०१ पासून आयर्लंडचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात बसू लागले. ते डब्लिनहून बोटीने होलीहेडला उतरायचे आणि तिथून घोडागाडीने डोंगर ओलांडायचे. तो प्रवास इतका वाईट होता की शेवटी सरकारने पैसा ओतला आणि थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरकडून सगळा रस्ता नव्याने करून घेतला. १८२६ साली मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल खुला झाला आणि रस्ता अखंड झाला.

या रस्त्यावर टेलफर्डने दर मैलाला एक दगड बसवला. चुनखडीचा जाड दगड आणि त्यात खोचलेली बिडाची पाटी. आमच्या वाटेवरचा दगड माझ्या मांडीइतका उंच आहे. पाटीवर होलीहेडचा आकडा पूर्ण मैलांत आहे. बाकीच्या ठिकाणांपुढे मैल आणि फर्लांग (मैलाचा आठवा भाग) असे दोन रकाने. अक्षरं उठावाची आहेत. माझी लेक चार वर्षांची असताना त्यांच्यावरून बोट फिरवत इंग्रजी आकडे शिकली. थंडीत सकाळी गेलं तर दव गोठून फक्त अक्षरांच्या कडा पांढऱ्या झालेल्या दिसतात.

पाटीवर एक नाव आहे, केर्निओगे. मी आल्या आल्या नकाशात या नावाचं गाव शोधत होते. शेजारच्या आजींनी सांगितलं, ते गाव नव्हेच. घोडे बदलायचा मुक्काम होता, मोठी खानावळ होती. रेल्वे आली, गाड्या थांबल्या, खानावळ मिटली. आज तिथे शेतकऱ्याचं घर आहे. पण दगड अजून सांगतोय, केर्निओगे इतके मैल, इतके फर्लांग.

तर झालं असं की फेब्रुवारीत रस्त्याकडेचं गवत-झुडूप कापणाऱ्या यंत्राचा दगडाला फटका बसला. दगड रस्त्याच्या बाजूला कलला आणि पाटीचा एक कोपरा तडकला. दगड सरकारी संरक्षित यादीत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय कुणी हात लावू शकत नाही. आता गावाच्या बैठकीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, मूळ दगड संग्रहालयात न्या, इथे नक्कल बसवा. दुसरा म्हणतो, आहे तिथेच सरळ करून बसवा. पुढच्या बैठकीत मला बोलायचं आहे. मला तो तिथून हलवू नये असं फार मनापासून वाटतं. 'होलीहेड इतके मैल' हे वाक्य फक्त त्या एका जागी खरं आहे. चार मैलांवरच्या काचेच्या पेटीत ते खोटं होईल.

पण मी हळवी होऊन बोलतेय का? तुम्हाला काय वाटतं?

---

चहाबाज · शनिवार, रात्री ९.५२

फोटो टाका ताई. फोटोशिवाय धागा म्हणजे पोह्यांशिवाय मुलगी बघणं.

---

निशिगंध_०७ · शनिवार, रात्री १०.०५

छान लिहिलंयस. केर्निओगेचं वाचून गलबलून आलं. आमच्या आजोळी एसटीच्या बोर्डावर धरणात गेलेल्या गावाचं नाव कितीतरी वर्षं तसंच होतं. कंडक्टर ते नाव पुकारायचा आणि माणसं उतरायची. गाव मात्र पाण्याखाली.

---

कोरडा_हिशेब · शनिवार, रात्री १०.३०

मी विरोधी मत मांडतो, राग नसावा. हातात फोन आहे, त्यात अंतर मीटरपर्यंत कळतं. दगडाचं काम संपलेलं आहे. काम संपलेली वस्तू संग्रहालयातच शोभते. उद्या ट्रकने उडवला तर ना तिथे राहणार ना इथे.

---

जुना_ओव्हरसियर · रविवार, सकाळी ७.१०

मी ३४ वर्षं बांधकाम खात्यात रस्त्यांवर काढली, म्हणून चार शब्द जास्त लिहितो. सांभाळून घ्या.

आधी हे दगड आले कुठून ते बघू. इंग्लंडमध्ये पूर्वी रस्ता राखायची जबाबदारी त्या त्या गावाची असे. गावकऱ्यांनी वर्षातले काही दिवस फुकट राबायचं. आपल्या वेठबिगारीसारखंच. साहजिकच रस्ते चिखलात. मग १६६३ साली लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या एका भागावर पैसे घ्यायचा पहिला कायदा झाला. पुढे १७०६ पासून स्थानिक जमीनदार, व्यापारी मंडळींचे ट्रस्ट निघू लागले. पार्लमेंटकडून साधारण २१ वर्षांची मुदत घ्यायची, येणाऱ्या टोलच्या तारणावर कर्ज उभारायचं, रस्ता करायचा आणि नाके बसवायचे. नाक्यावर आडवा फिरता दांडा असे, त्यावरून 'टर्नपाइक' हे नाव. १८३० च्या दशकात असे सुमारे १,००० ट्रस्ट होते आणि त्यांच्या ताब्यात २०,००० मैलांहून जास्त रस्ते होते. नाक्याचा मक्ता लिलावात जायचा. जास्त बोली लावेल त्याला नाका. वाचताना ओळखीचं वाटेल.

आता मैलाचे दगड. १७६६ च्या कायद्याने ते टर्नपाइक रस्त्यांवर सक्तीचे झाले. कारण भाड्याचे घोडे मैलावर मिळायचे. दगड नसेल तर घोडेवाला म्हणेल ते अंतर आणि मागेल ते पैसे. थोडक्यात, दगड हा प्रवाशाच्या बाजूचा साक्षीदार होता. हे लक्षात घेतलं की त्याला 'शोभेचा' म्हणवत नाही.

कोरडा_हिशेब यांना नम्रपणे सांगतो, आम्हा रस्तेवाल्यांचं काम आजही दगडावरच चालतं. अपघात कुठे झाला, मोरी कुठे खचली, खडीचा ढीग कुठे टाकायचा, हे सगळं 'किलोमीटर अमुक, दगड अमुक' असंच लिहितात.

टेलफर्डबद्दल एक सांगतो. त्याने डोंगरातला हा रस्ता असा आखला की साधारण वीस फूट पुढे गेल्यावर एकच फूट चढ. घोड्याची चाल मोडू नये म्हणून. ताई, आज गाडी चालवताना बघा, एकदाही वाटणार नाही की आपण घाट चढतोय.

---

पाऊलखुणा · रविवार, दुपारी १.१५

काका, अगदी खरं! सासूबाई आल्या होत्या तेव्हा विचारत होत्या, "अगं, तो घाट लागणार होता तो कधी येणार?" आम्ही तोवर उतरायला लागलो होतो.

रस्त्याकडेला मधेमधे दगडी भिंतीत चौकोनी कोनाडे आहेत. मला वाटायचं बस थांबा असेल. तिथे दुरुस्तीची खडी साठवायचे म्हणे.

फोटो रात्री टाकते.

---

रंकाळाकाठ · रविवार, दुपारी २.४०

टोलचा विषय निघालाय आणि कोल्हापूरकर गप्प बसेल होय? आमच्यात टोल आला आणि आम्ही तो घालवूनच दावला. म्हातारी माणसं, पोरं, वकील, रिक्षावाले, सगळी रस्त्यावर. वेल्समध्ये असलं काय झालं न्हाई का?

---

जुना_ओव्हरसियर · रविवार, दुपारी ३.३०

झालं तर! आणि तुमच्यापेक्षा भारी झालं. नैर्ऋत्य वेल्समध्ये १८३९ साली सुरू झालं आणि १८४३ मध्ये पार पेटलं. शेतकऱ्यांना शेतात टाकायला चुना आणावा लागे. वाटेत वेगवेगळ्या ट्रस्टचे नाके. चुना स्वस्त आणि टोल महाग अशी गत. मग रात्री पुरुषमंडळी बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून निघायची आणि नाके कुऱ्हाडीने फोडायची. म्होरक्याला 'रेबेका' म्हणायचे. बायबलमध्ये रेबेकेला आशीर्वाद आहे की तुझ्या वंशजांच्या हाती शत्रूच्या वेशी येवोत. तो त्यांनी शब्दशः घेतला! शेवटी १८४४ मध्ये कायदा करून दक्षिण वेल्समधले ट्रस्ट एकत्र करावे लागले आणि चुन्यावरचा टोल निम्म्यावर आला.

पण हेही सांगायला हवं की या धामधुमीत हेंडी नावाच्या ठिकाणी नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंचा जीव गेला. नाक्यावर बसणारी माणसं गरीबच असत.

---

रंकाळाकाठ · रविवार, दुपारी ३.५५

लुगडी नेसून टोलनाका! काका, ह्ये आधी सांगाय पायजे हुतं.

शेवटचं वाचून मात्र वाईट वाटलं.

---

गिरगाव_ते_गोरेगाव · रविवार, संध्याकाळी ६.२०

आपल्या मुंबईत हेच दगड आहेत, हे कितीजणांना माहीत आहे? फोर्टातलं सेंट थॉमस चर्च हा शून्य मैल. १७१८ साली उपासनेसाठी खुलं झालेलं हे चर्च. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जायचं तो चर्चगेट, त्यावरून स्टेशनचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चर्चपासून उत्तरेकडे दर मैलाला काळ्या कातळाचे दगड लावले. त्यांच्यावर रोमन आकडे कोरलेले. शहराच्या वारसा यादीत ते पहिल्या श्रेणीत आहेत. म्हणजे मोठमोठ्या इमारतींच्या पंगतीला बसलेला गुडघ्याएवढा दगड.

मी त्यातल्या एकाच्या शेजारून आठ वर्षं कामाला गेलो आणि तो मला दिसला नाही. फुटपाथ दर काही वर्षांनी उंच होत गेला आणि दगड खाली खाली. फक्त माथा उरला होता. त्यावर भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांचं फडकं पसरायच्या. काही वर्षांपूर्वी महापालिकेने असे दगड खणून वर काढायला घेतले तेव्हा कळलं, आपण रोज मैल ओलांडत होतो. आता मावशी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतात, "हात नका लावू, जुना आहे तो."

मुद्दा असा की ते सगळे संग्रहालयात नेऊन ओळीने मांडले असते तर आकडे लिहिलेले दगड एवढंच दिसलं असतं. ते रस्त्यावर आहेत म्हणून जुनी मुंबई केवढी होती ते चालून कळतं. पाऊलखुणा, माझं मत तुझ्या बाजूने.

---

केंब्रिजची_कावेरी · रविवार, रात्री ८.०५

चर्च म्हणजे शून्य, यावरून आठवलं. केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून दक्षिणेला बार्कवेच्या वाटेवर ट्रिनिटी हॉल कॉलेजने १७२५ पासून मैलाचे दगड लावले. रोमन लोक गेल्यानंतर ब्रिटनमधले हे पहिले खरेखुरे मैलाचे दगड मानतात. कायद्याने सक्ती व्हायच्या चाळीस वर्षं आधी! पैसा कॉलेजच्या दोन जुन्या मंडळींनी रस्त्यासाठी मागे ठेवलेला. मोठ्या दगडांवर कॉलेजचं चिन्ह आहे, चंद्रकोर. मी पहिल्यांदा सायकलवरून जाताना ते बघितलं आणि परक्या मुलखात कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

---

चहाबाज · रविवार, रात्री ८.१५

मैलाचे दगड इंग्रजांना लागले कारण त्यांना आमचे आबा भेटले नाहीत. कुठलंही गाव विचारा, "ह्ये काय, हितंच, टेकाडामागं." आणि मग दोन कोस चालायचं.

---

वीरगळवेडा · रविवार, रात्री ९.५०

मी इथे थोडा दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण हा प्रश्न मी वेगळ्या दगडांबाबत रोज झेलतो.

गेली बारा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघत हिंडतो, नोंदी करतो. गावकुसाबाहेर, बांधावर, वेशीजवळ पडलेले असतात. ज्या वीराचा तो दगड तो बहुधा तिथेच आसपास पडलेला असतो, गुरं सोडवताना, गाव राखताना. म्हणजे जागेला अर्थ आहे, पाऊलखुणा म्हणते तसाच. पण जागेवर राहिलेल्या वीरगळांचं काय झालं तेही मी पाहिलंय. ऑइलपेंट. पायरीत चिणलेले. एका ठिकाणी वीरगळ पालथा घालून ओढ्यावर टाकला होता, पलीकडे जायला. मी हाताने खालून चाचपलं तेव्हा घोड्याचे पाय बोटांना लागले. असं दिसलं की वाटतं, उचलावा आणि न्यावा जिल्ह्याच्या संग्रहालयात. जागा गेली तरी चालेल, दगड तरी राहील.

त्यामुळे संग्रहालय म्हणणाऱ्यांना एकदम चूक ठरवू नये. त्यांची भीती खरी आहे. बैठकीत त्यांना विचार: दगडाला पुन्हा फटका बसू नये म्हणून जागेवर काय करता येईल? उत्तर निघालं तर दगड तिथेच ठेवा. नाही निघालं तर माझं मत हलवण्याकडे.

---

कोरडा_हिशेब · रविवार, रात्री १०.१०

वीरगळवेडा, +१. मी एवढं चांगलं लिहू शकलो नसतो.

---

पाऊलखुणा · रविवार, रात्री ११.३०

फोटो टाकलेत. तिसऱ्या फोटोत तडा दिसेल.

वीरगळवेडा, तुमचं वाचून खरंच विचारात पडले. ओढ्यावरच्या घोड्याचे पाय डोळ्यांसमोरून जात नाहीयेत. 'तिथेच हवा' असा हट्ट धरताना 'तिथे सांभाळणार कोण' हे मी बोललेच नव्हते.

इथेही दगडांचे हाल झालेत. १९४० साली जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनभर मैलाचे दगड काढले, पुरले, अक्षरं छिलून टाकली. शत्रूला वाट कळू नये म्हणून. युद्धानंतर काही परत बसवले, काही कुणाला सापडलेच नाहीत. रस्ते रुंद करताना गेले ते वेगळेच. २००१ पासून इथे हौशी लोकांची मैलदगडांसाठी एक संस्था आहे, मिलस्टोन सोसायटी नाही हं, माइलस्टोन सोसायटी. ब्रिटनभर साधारण ९,००० दगड उरलेत असं ते सांगतात.

वेल्समध्ये वारसा जपणाऱ्या सरकारी खात्याचं नाव आहे 'कादू'. वेल्श भाषेत त्याचा अर्थच जपणं, राखणं.

---

जुना_ओव्हरसियर · सोमवार, सकाळी ६.४५

फोटो पाहिले. दगड कललाय, मोडलेला नाही. पाया उकरून, तळाशी खडी नीट ठोकून परत उभा करता येईल असं मला दिसतं. दोन गोष्टी बैठकीत जरूर सांग. सिमेंट वापरू देऊ नका. जुन्या दगडाला चुन्याचा गिलावा हवा, सिमेंटने ओल आत कोंडते आणि थंडीत दगड सालपटतो. दुसरं, हौसेने कुणी तारेचा ब्रश घेऊन पाटी घासायला बसू नका. बिडाच्या पाटीला जोडकाम जमणारा जाणकार लागतो, आणि संरक्षित वस्तू असल्याने परवानगी आधी.

फटका बसू नये यासाठी: दगडाच्या दोन्ही अंगांना हातभर जागा सोडून ठसठशीत खुंट्या रोवा आणि तेवढ्या टापूतलं गवत हाताने कापा. यंत्र चालवणाऱ्याला उंच गवतात दगड दिसत नाही, त्यात त्याचा फार दोष नसतो. आमच्याकडे हे काम मैलकुली करायचा. एकेकाकडे रस्त्याचा ठरलेला तुकडा. त्याच्या तुकड्यातला दगड मळलेला दिसला तर आम्ही त्यालाच विचारायचो.

---

बार्शीलाईट · सोमवार, दुपारी १२.२०

काका, मैलकुली हा शब्द तुम्ही लिहिला आणि मला लिहायला बळ आलं. इथं मी सहा वर्षं नुसता वाचतोय, कधी लिहिलं नाही.

माझे वडील मैलकुली होते. आजोबाही. आजोबांच्या वेळी मैल होते, वडील लागले तेव्हा किलोमीटर येत होते. वडिलांकडं सहा किलोमीटरचा तुकडा होता. दिवाळीच्या आधी आणि कुणी मोठा साहेब यायचा असला की दगड रंगवायचे. मी सातवी-आठवीत असल्यापासून बरोबर जायचो. आधी ओल्या पोत्यानं दगड पुसायचा. मग चुना, दोन हात. वाळला की माथ्याला रंग. आकड्यांना मात्र वडील ब्रश वापरत नव्हते. बाभळीची काडी दातानं चावून तिचा कुंचला करायचे आणि गुडघ्यावर बसून आकडा गिरवायचे. शाळेत जेमतेम तिसरी झालेले, पण त्यांचा ४ आणि ७ अजून माझ्यापेक्षा सुंदर येतो.

मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे रोवले तेव्हा जुने दगड रस्त्याकडेला पडून होते. साहेबाला विचारून आजोबांनी एक घरी आणला, बैलगाडीत घालून. आमच्या परसात धुण्याचा दगड म्हणून तो बसवला. आई त्यावर पन्नास वर्षं कपडे धुतेय. आकड्याची बाजू वर होती. आता आकडा झिजून गेलाय, पण पहाटे उन्हाची तिरीप पडली की १ ची उभी रेघ दिसते.

तुम्ही सगळे जागा-जागा म्हणताय म्हणून सांगतो. आजोबा गेले त्याच्या आदल्या वर्षी ते सारखे म्हणायचे, तो दगड मी आणायला नको होता. आई म्हणायची, अहो मामंजी, रस्त्यावर पडून फुटलाच असता की. ते म्हणायचे, फुटला असता तर फुटला असता, पण मैल चुकला नसता. आम्हाला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.

पाऊलखुणा ताई, तुमचा दगड जागेवर राहू द्या. पण त्याला एक माणूस लावून द्या. माणूस असला की दगड राहतो.

---

निशिगंध_०७ · सोमवार, दुपारी १२.४०

बार्शीलाईट, सहा वर्षं गप्प कसे राहिलात? कृपया लिहीत राहा.

---

रंकाळाकाठ · सोमवार, दुपारी १.०५

दादा, आईस्नी आणि वडिलांस्नी नमस्कार सांगा आमचा.

---

वीरगळवेडा · सोमवार, रात्री ८.३०

"त्याला एक माणूस लावून द्या." माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पाऊलखुणा, माझं मत बदललं, दगड जागेवर.

बार्शीलाईट, एक विनंती. तुमच्या आजोबांनी तो दगड नेमका कुठून उचलला, हे वडिलांना माहीत असेल का? असेल तर आत्ताच विचारून लिहून ठेवा. ही माहिती कागदावर कुठेच नसते.

---

पाऊलखुणा · शुक्रवार, रात्री १०.१५

काल बैठक झाली. सविस्तर लिहिते.

आधी काकांनी सांगितलेलं चुन्याचं आणि खुंट्यांचं मांडलं. मग वीरगळ म्हणजे काय ते जमेल तसं सांगितलं. ओढ्यावर पालथ्या घातलेल्या घोड्याचं सांगितल्यावर सगळे गप्प झाले. संग्रहालयाच्या बाजूने सगळ्यात ठामपणे बोलणारे गृहस्थ, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "मला भीती एवढीच की माझ्यानंतर इथे लक्ष कोण देणार." मग मी बार्शीलाईटच्या वडिलांबद्दल सांगितलं. बाभळीची काडी सांगताना माझा आवाज कापला. बाभूळ काय ते इथे कुणाला माहीत नाही, पण दाताने चावून केलेला ब्रश सगळ्यांना कळला.

ठरलं असं: दगड जागेवरच ठेवायचा. परवानगीचा अर्ज जातोय. दगड सरळ होईपर्यंत भोवती खुंट्या आणि पट्टी बांधायला खात्याने होकार दिलाय. आणि आमच्या गावालगतच्या चार दगडांसाठी चार घरं नेमली. महिन्यातून एकदा जायचं, हाताने गवत काढायचं, काही बिघडलं असेल तर कळवायचं. रंग वगैरे परवानगीशिवाय नाही. आमच्या घराकडे हा कललेला दगड आलाय. शिक्षकांनी पुढचा मागून घेतला.

आज शाळा सुटल्यावर लेकीला घेऊन आमच्या दगडापासून शिक्षकांच्या दगडापर्यंत चालत गेले. फोनवर अंतर आलं १.६१ किलोमीटर. बरोबर एक मैल. घोड्यांच्या काळात, डोंगरातल्या वळणांवर, चाक फिरवत मोजलेला.

---

जुना_ओव्हरसियर · शुक्रवार, रात्री १०.४०

शाब्बास पोरी. खातं असतं तर मी तुला हजेरीपटावर घेतलं असतं.

---

कोरडा_हिशेब · शुक्रवार, रात्री ११.००

माझं पहिलं मत मागे घेतो. १.६१ बघून मलाच आनंद झाला.

---

बार्शीलाईट · रविवार, सकाळी ९.३०

वीरगळवेडा दादा, काल वडिलांना फोन करून विचारलं. ते एक मिनिटभर बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "चिंचंच्या अलीकडं. मोरीपासनं बार्शीकडं तोंड करून वीस पावलं, डाव्या अंगाला. चिंच पाडली आता, पण मोरी हाय."

मी वहीत लिहून घेतलं. दिवाळीला गावी जातोय, त्यांना घेऊन मोरीवर जाईन. आई विचारतेय, दगड नेणार असशील तर मग धुणं कशावर धुवू.